पोलादावरचे फेरफार

एक पिस्तूल डोळ्यांसमोर आणा. बारीक नळी, मागे झुकलेली मूठ आणि पाठीवर गुडघ्यासारखा दुमडणारा सांधा. जग त्याला 'लुगर' म्हणते. जर्मन सैन्याच्या दप्तरी त्याचे नाव 'पिस्तोल ०८'. सांध्याच्या पुढच्या भागावर डी, डब्ल्यू, एम ही अक्षरे एकमेकांत गुंफलेली आहेत. चेंबरच्या माथ्यावर १९१७ हा आकडा आहे आणि त्याला लागूनच १९२०. उजव्या अंगाला मुकुट धारण केलेली तीन अक्षरे आणि पंख पसरलेला एक गरुड. नळीवर मात्र वेगळाच, लहानसा गरुड, त्याच्याखाली ६ हा अंक. मुठीच्या पुढच्या पट्टीवर अक्षरे आणि आकडे, मधे ठिपके देऊन ठोकलेले. डाव्या बाजूला मूळ आराखड्यात नसलेली एक छोटी पोलादी पट्टी. आणि नळीवरच आणखी एक गरुड, त्याखाली एन हे अक्षर, शेजारी हरणाचे शिंग आणि जी, एफ ही दोन अक्षरे.

पिस्तूल एकच, पण त्यावर गरुड तीन आणि वर्षे दोन. अशा खुणांचे पिस्तूल लिलावात आले, की सूचीत त्याच्यापुढे 'रीवर्क' असा शेरा पडतो आणि त्याची किंमत उतरते. रीवर्क म्हणजे मूळ कारखान्यातून बाहेर पडल्यावर पुन्हा दुरुस्त केलेले, भाग बदललेले, नव्याने मुलामा दिलेले. संग्राहकाला हवे असते ते कारखान्यातून निघाले तसेच राहिलेले, सर्व भागांचे क्रमांक जुळणारे. त्याच्या लेखी दुरुस्तीची प्रत्येक खूण हा डाग असतो.

मला नेमके उलट वाटते. अस्पर्श राहिलेले पिस्तूल एकाच दिवसाची साक्ष देते, ते कारखान्यातून बाहेर पडले त्या दिवसाची. दुरुस्त झालेले पिस्तूल मात्र ज्यांच्या ज्यांच्या ताब्यात गेले त्या साऱ्यांच्या सह्या अंगावर बाळगते. या सह्या वाचायच्या कशा, हे या लेखात सांगायचे आहे.

सातबाऱ्याची रीत

शस्त्रांकडे मी शस्त्रप्रेमातून आलो नाही. नाण्यांच्या नादातून आलो. जुन्या रुपयांवर सराफांनी ठोकलेल्या बारीक खुणा असतात. चांदीचा कस पाहून सराफ आपली खूण उमटवी आणि नाणे पुढे चाले. या खुणांनी नाणे विद्रूप होते म्हणून जुने संग्राहक ते बाजूला टाकीत. पण नाणे कुठे कुठे फिरले, कुणी कुणी त्याच्यावर विश्वास ठेवला, हे टाकसाळीचा ठसा सांगत नाही. ते या खुणाच सांगतात. जर्मन पिस्तुलांवरच्या मुद्रांची छायाचित्रे पहिल्यांदा पाहिली, तेव्हा हीच गोष्ट वेगळ्या धातूवर लिहिलेली दिसली. पुढची वर्षे शब्दकोश हाताशी धरून जर्मन नियमावल्या वाचण्यात गेली.

मराठी वाचकाला ही पद्धत समजावून सांगायला सातबाऱ्याइतके चांगले उदाहरण नाही. जमीन विकली गेली, वाटणी झाली, वारस लागले, तर सातबाऱ्यावर जुन्या खातेदाराचे नाव खोडून नाहीसे करीत नाहीत. ते कंसात जाते, फेरफाराचा क्रमांक पडतो आणि नवे नाव लागते. त्यामुळे जाणता माणूस उतारा हातात घेतला की तीन पिढ्यांचा व्यवहार वाचू शकतो. लष्करी शस्त्रागारातही साधारण हीच रीत होती. भाग बदलला की जुन्या क्रमांकावर रेघ मारायची, शेजारी नवा क्रमांक ठोकायचा, पुन्हा चाचणी घ्यायची आणि त्या दिवशी जे सरकार असेल त्याची मुद्रा उमटवायची. जुने सरकार कंसात, नवे सरकार खाली.

पहिला हात : कैसरचे सैन्य

गेओर्ग लुगर यांच्या आराखड्याचे पिस्तूल पहिल्यांदा स्वीकारले ते स्वित्झर्लंडने, १९०० साली. जर्मन नौदलाने ते १९०४ मध्ये घेतले आणि भूदलाने १९०८ मध्ये; नावातला ०८ तिथून आला. बनवणारी कंपनी बर्लिनची 'डॉइचे वाफेन उंड मुनिशियोन्सफाब्रिकेन', म्हणजेच डीडब्ल्यूएम. १९११ पासून एरफुर्टच्या राजकीय शस्त्रशाळेतही त्याचे उत्पादन सुरू झाले. तिथल्या पिस्तुलांच्या सांध्यावर मुकुट आणि त्याखाली एरफुर्ट हे नाव असते.

'प्रूफ' म्हणजे बळाची परीक्षा. नेहमीपेक्षा जास्त दाबाची काडतुसे मुद्दाम झाडायची आणि नळी, चेंबर, ब्रीच हे भाग तडकले किंवा फुगले नाहीत, तर त्यांवर मुद्रा ठोकायची. कैसरच्या काळात लष्करी पिस्तुलासाठी ही मुद्रा म्हणजे पंख पसरलेला गरुड. तो नळीवर, रिसीव्हरवर आणि ब्रीचवर असा तीन ठिकाणी पडे, कारण दाब सोसणारे भाग हे तीनच. इथेच वाचनाचे पहिले सूत्र हाती लागते. या तीन ठिकाणचे गरुड एकाच ठशाचे असतील, तर ते भाग एकत्र परीक्षेला बसले होते. नळीवरचा गरुड वेगळा असेल, तर ती नळी नंतर आली आहे.

रिसीव्हरच्या उजव्या बाजूची मुकुटधारी अक्षरे ही चाचणीची मुद्रा नव्हे. ती तपासनिसांची आद्याक्षरे आहेत, जुन्या जर्मन वळणाची, तपासणीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर ठोकलेली. डीडब्ल्यूएम खाजगी कंपनी असल्याने सैन्य तिथे आपले तपासनीस बसवी. एरफुर्ट तर सरकारचाच कारखाना. तिथे इतकी शिस्त, की बारीकसारीक स्क्रू-पट्ट्यांवरसुद्धा मुकुट आणि अक्षर सापडते. त्यामुळे एरफुर्टच्या पिस्तुलात मुकुट नसलेला एखादा छोटा भाग दिसला, की तो बाहेरून आला असण्याची शंका घ्यायला जागा असते.

नळीवर आणखी एक आकडा असतो, उदाहरणार्थ ८,८२. तो क्रमांकही नाही आणि तारीखही नाही. नळीच्या आतल्या आट्यांच्या उंचवट्यांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजून लिहिलेले असते. जर्मन पद्धतीत दशांशचिन्हाऐवजी स्वल्पविराम देतात. नळी बदलली की हे मापही बदलू शकते. म्हणून हा आकडा नळीचा असतो, पिस्तुलाचा नव्हे.

क्रमांकांची पद्धतही समजून घ्यायला हवी. मोजणी १०,००० पर्यंत जाई, मग पुन्हा एकपासून आणि पुढे ए, बी, सी असे अक्षर. दर वर्षी सगळे नव्याने. म्हणजे एकच क्रमांक वेगवेगळ्या वर्षांत आणि दोन कारखान्यांत पुन्हा पुन्हा येतो. नुसता क्रमांक काहीच सांगत नाही. कारखाना, वर्ष, क्रमांक आणि अक्षर या चौघांची सांगड घातली तरच पिस्तुलाची ओळख पटते. मुख्य भागांवर पूर्ण क्रमांक आणि छोट्या भागांवर शेवटचे दोन आकडे ठोकलेले असत. दुरुस्तीच्या वेळी पेटीतून भलताच भाग बसवला जाऊ नये, हा त्यामागचा साधा हेतू.

क्रमांकाचे महत्त्व आपल्या इतिहासालाही माहीत आहे. २६ ऑगस्ट १९१४ रोजी कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून क्रांतिकारकांनी ५० माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळवली. ही पिस्तुलेही जर्मन, पण नागरी व्यापाराची. त्यांचे क्रमांक कंपनीच्या वहीत नोंदलेले होते. त्यामुळे पुढे बंगालमध्ये पिस्तूल सापडले, की ते त्या पन्नासांतले आहे का, हे पोलिसांना पडताळता येई. पोलादावरचे चार आकडे आणि वहीतली एक ओळ जुळली, की निर्जीव वस्तू साक्षीदार होते.

दोन मुकुट

नवशिक्या वाचकाची गफलत हमखास होते ती मुकुटाशी. जर्मनीत नागरी शस्त्रांच्या सक्तीच्या चाचणीचा कायदा १८९१ साली झाला आणि १८९३ पासून अमलात आला. त्यातल्या मुद्राही मुकुटधारीच होत्या. मुकुट आणि बी म्हणजे गोळी झाडून घेतलेली परीक्षा, मुकुट आणि यू म्हणजे त्यानंतरची पाहणी, मुकुट आणि जी म्हणजे आतून आट्या पाडलेली नळी. पुढे धूररहित दारूच्या चाचणीसाठी मुकुट आणि एन ही मुद्रा आली. एन म्हणजे नायट्रो.

सैन्यासाठी बनलेल्या शस्त्रांना हा कायदा लागू नव्हता. त्यांची परीक्षा सैन्यच घेई. त्यामुळे १९१७ च्या लष्करी पिस्तुलावर मुकुट-एन दिसला, की त्याचा अर्थ एकच निघतो : हे पिस्तूल कधीतरी सैन्याच्या ताब्यातून सुटून व्यापाऱ्याच्या हाती आले आणि विक्रीपूर्वी नागरी चाचणीगृहात गेले. पहिल्या महायुद्धानंतर अशी पिस्तुले पुष्कळ झाली. चेंबरवरचे वर्ष घासून टाकलेले, ९ मिलिमीटरच्या जागी ७.६५ मिलिमीटरची नळी, नवा मुलामा आणि मुकुट-एन. त्यांतली बरीचशी अमेरिकेला गेली. तिथल्या जकात कायद्याप्रमाणे मालावर उत्पादक देशाचे नाव लागे, म्हणून त्यांवर 'जर्मनी' असे इंग्रजीत ठोकलेले सापडते. आपल्याच देशात वापरायच्या लष्करी पिस्तुलावर कोणी इंग्रजीत देशाचे नाव कशाला घालेल?

आता गफलत कुठे होते ते पाहा. मुकुटाखाली जुन्या वळणाचे अक्षर असेल तर तो लष्करी तपासनीस. साधे, ठोकळ्यासारखे बी, यू, जी किंवा एन असेल तर ते नागरी चाचणीगृह. एखाद्या तपासनिसाचे आद्याक्षर एन असू शकतेच. म्हणून अक्षराचे वळण आणि त्याची जागा दोन्ही पाहिल्याशिवाय निर्णय करू नये. मोडी पत्रात शिक्का माथ्यावर आहे की मोर्तब शेवटी आहे, हे पाहिल्याखेरीज जाणकार पत्राचा अर्थ लावत नाही, तसेच हे.

१९२० चे कोडे

आता त्या दुहेरी वर्षाकडे वळू. १९१७ हे उत्पादनाचे वर्ष, याविषयी वाद नाही. डीडब्ल्यूएमच्या लष्करी पिस्तुलांवर चेंबरच्या माथ्यावर वर्ष घालण्याची पद्धत १९१० पासूनची. मग १९२० म्हणजे काय? संग्राहकांच्या बोलीत अशा पिस्तुलांना सरसकट '१९२० रीवर्क' म्हणतात, आणि त्यामुळे ते दुरुस्तीचे वर्ष आहे असा समज घट्ट झाला आहे. तो खरा नाही.

व्हर्सायचा तह २८ जून १९१९ रोजी झाला आणि १० जानेवारी १९२० पासून अमलात आला. जर्मन सैन्य १,००,००० माणसांवर आणायचे ठरले. युद्धावरून परतलेल्या लाखो सैनिकांपैकी किती जणांनी शस्त्र घरी नेले, याचा कुणालाच पत्ता नव्हता. रस्त्यांवर खाजगी टोळ्या होत्या, उठाव होत होते. ७ ऑगस्ट १९२० रोजी प्रजासत्ताक सरकारने नागरिकांच्या निःशस्त्रीकरणाचा कायदा केला. अशा वेळी सरकारी शस्त्र कोणते आणि घरात दडवलेले कोणते, हे ओळखायचे कसे? उपाय साधा होता. जी शस्त्रे सैन्याच्या अधिकृत ताब्यात होती त्यांवर १९२० हा आकडा ठोकण्यात आला. ती मालकीची मुद्रा आहे. आपल्याकडे सरकारी टेबल-खुर्चीवर पांढऱ्या रंगाने खात्याचे नाव आणि नोंदक्रमांक घालतात, तशी.

हा फरक समजला की वाचन बदलते. १९१७/१९२० असे दुहेरी वर्ष असूनही नळी, क्रमांक आणि मुलामा सगळे मूळचे असू शकते. अशा पिस्तुलाची दुरुस्ती झालेली नसते, फक्त शिरगणती झालेली असते. ते दुरुस्त झाले की नाही, हे ठरवायला दुसऱ्या खुणा शोधाव्या लागतात.

त्या काळातल्या माउझर सी-९६ पिस्तुलांवर ही मुद्रा आणि दुरुस्ती मात्र जोडीने आढळतात. महायुद्धात सैन्याने ९ मिलिमीटरची माउझर मागवली होती आणि मुठीवर मोठा लाल ९ कोरून ती वेगळी दाखवली होती. युद्धानंतर त्यांतल्या काहींच्या लांब नळ्या कापून ९९ मिलिमीटरवर आणल्या आणि वरखाली सरकणारी माशी काढून स्थिर माशी बसवली. १०० मिलिमीटरच्या मर्यादेला एक मिलिमीटर कमी! तहानंतरचे निर्बंध पोलादावर इतके स्पष्ट उमटलेले क्वचितच पाहायला मिळतात.

गरुड आणि सहाचा आकडा

आपल्या पिस्तुलाच्या नळीवर छोटा गरुड आहे आणि त्याखाली ६. रिसीव्हरवरचा गरुड कैसरचा, मोठा आणि पंख पसरलेला. नळी बदलली आहे, हे इथे सिद्ध झाले. कुणी बदलली?

तहानंतर जर्मन सैन्याला पिस्तुले पुरवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम थुरिंगियातल्या झूल गावच्या 'सिम्सन आणि कंपनी'कडे आले. तिथे बसलेल्या लष्करी तपासनिसांची खूण म्हणजे गरुड आणि ६. सिम्सनने नव्याने बनवलेल्या पिस्तुलांच्या सांध्यावर कंपनीचे नाव असते. पण जुन्या डीडब्ल्यूएम किंवा एरफुर्टच्या पिस्तुलाला नवी नळी बसवली, तर त्यावर कंपनीचे नाव येत नाही. गरुड-६ ही बारीकशी खूण एवढाच पुरावा उरतो.

दरम्यान डीडब्ल्यूएमचे नाव १९२२ मध्ये बदलले आणि १९३० मध्ये लुगरचे उत्पादन ओबर्नडॉर्फच्या माउझर कारखान्याकडे गेले. माउझरने सैन्यासाठी काम सुरू केले तेव्हा तह कागदावर जिवंत होता. म्हणून १९३४ च्या पिस्तुलांवर वर्षाऐवजी के हे अक्षर आहे, १९३५ च्या पिस्तुलांवर जी, आणि कारखान्याच्या नावाच्या जागी एस/४२ असा संकेत. वर्ष लपवण्याची गरज १९३६ मध्ये संपली आणि चेंबरवर पुन्हा पूर्ण आकडे आले. माउझरमधल्या तपासनिसांच्या खुणा म्हणजे गरुड आणि ६३, नंतर गरुड आणि ६५५. पुढे चाचणीच्या गरुडाच्या पायांत नाझी स्वस्तिक आले.

म्हणजे गरुड पाहिला की तीन प्रश्न विचारायचे. त्याचे पंख कसे आहेत? त्याच्या पायांत काय आहे? त्याच्याखाली काय लिहिले आहे? एकाच पक्ष्याने राजेशाही, प्रजासत्ताक आणि हुकूमशाही अशा तिघांची चाकरी केली. धनी कोण, हे त्याच्या पायाखालचा आकडा सांगतो.

मुठीवरचे ठिपके आणि बाजूची पट्टी

मुठीच्या पट्टीवरची अक्षरे ही तुकडीची खूण. कैसरच्या काळात कोणत्या रेजिमेंटच्या कोणत्या कंपनीतले कितवे शस्त्र, हे तिथे लिहीत. प्रजासत्ताकाच्या काळात प्रशियाच्या पोलिसांनी हीच पद्धत चालू ठेवली. अक्षरांवरून विभाग आणि आकड्यांवरून शस्त्र ओळखता येई. अनेकदा जुन्या रेजिमेंटच्या अक्षरांवर रेघा मारलेल्या असतात आणि जवळच पोलिसांची खूण असते. जुने नाव कंसात, नवे नाव चालू.

डाव्या बाजूची ती पट्टी याला दुजोरा देते. लुगरची एक खोड होती. बाजूची झाकणपट्टी काढून ठेवली तरी चेंबरमध्ये राहिलेली गोळी सुटू शके, कारण आतला अडकणखिळा बाहेरूनच दाबला जाई. साफसफाई करताना ही खोड जिवावर बेतणारी. म्हणून १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला पोलिसांच्या पिस्तुलांना, झाकणपट्टी काढताच खिळा अडवणारी एक जादा कळ बसवण्यात आली. पुढच्या मालकांनी ती काढून टाकली तरी तिच्यासाठी पाडलेले छिद्र राहते. मुद्रा घासून काढता येते. छिद्र बुजवणे अवघड.

१९४५ नंतरचा थर

दुसऱ्या महायुद्धानंतर ही पिस्तुले तीन वाटांनी गेली. सोव्हिएत सैन्याच्या हाती लागलेल्या शस्त्रांचे भाग मिसळले, सगळ्याला एकसारखा गडद मुलामा चढला, क्रमांक पुन्हा ठोकले गेले. पूर्व जर्मनीच्या पोलिसांनी काही पिस्तुले नव्या नळ्या आणि प्लॅस्टिकचे दस्ते बसवून वापरली. पश्चिम जर्मनीत ती नागरी व्यापारात आली, तेव्हा त्यांना चाचणीगृहाची पायरी चढावी लागली.

नागरी चाचणीचा नवा कायदा जर्मनीत १९३९ साली झाला आणि एप्रिल १९४० पासून मुकुट जाऊन गरुड आला : मुकुट-एनऐवजी गरुड-एन. हीच खूण पश्चिम जर्मनीतही चालू राहिली. त्यामुळे नुसता गरुड-एन पाहून 'नाझी काळातले' असा शिक्का मारणे धोक्याचे. शेजारी पाहायचे. पश्चिम जर्मनीत चाचणीगृहाची स्वतःची खूण असते. हरणाचे शिंग ही उल्मची. आणि वर्ष अक्षरांत लिहितात : ए म्हणजे ०, बी म्हणजे १, असे करत के म्हणजे ९, आय आणि जे मिळून एकच अक्षर धरतात, त्याची किंमत ८. या हिशेबाने जी म्हणजे ६, एफ म्हणजे ५. आपल्या पिस्तुलाची शेवटची परीक्षा १९६५ साली उल्मला झाली.

हे दोन अक्षरांचे ज्ञान किती उपयोगाचे आहे, ते सांगायला हवे. एखादे पिस्तूल '१९४५ मध्ये जर्मन अधिकाऱ्याकडून काढून घेतले आणि तेव्हापासून घरातच आहे' अशा कहाणीसह विकायला येते. त्यावर जी, एफ असेल, तर १९६५ मध्ये ते उल्मला होते. कहाणी तिथेच संपते.

धातूची साक्ष

मुद्रा खोट्या पाडता येतात. ठसा कोरून घेणारे कारागीर सगळीकडे आहेत. मग विश्वास कशावर ठेवायचा? धातूच्या वागणुकीवर.

ठसा ठोकला की पोलाद जागचे हलते आणि खुणेच्या कडेला बारीकसा उंचवटा येतो. बोटाला तो जाणवतो, तिरप्या उजेडात दिसतो. नंतर कुणी पृष्ठभाग घासला, तर हा उंचवटा आधी जातो आणि खुणेच्या कडा बोथट होतात. कडा बोथट झालेली जुनी खूण आणि तिच्या शेजारी उंचवट्यासह ताजी खूण, असे दिसले की मधे एकदा घासणी झाली आहे. रंगाचेही तसेच. ठसा आधी आणि मुलामा नंतर असेल, तर खुणेच्या तळापर्यंत निळसर-काळा रंग उतरतो. मुलाम्यावर ठसा ठोकला असेल, तर कडेशी रंग फुटून फिकट वलय उमटते. जुन्या ताम्रपटांत लिपी एका शतकाची आणि लेखातली तारीख दुसऱ्या शतकाची निघाली, की अभ्यासक बनावटीचा संशय घेतात. इथे घासणी, रंग आणि ठसा यांचा क्रम ती कामगिरी करतो.

नळी आणि रिसीव्हर यांच्या सांध्यावर एक बारीक उभी रेघ मारलेली असते, अर्धी नळीवर आणि अर्धी रिसीव्हरवर. दोन्ही अर्धे सरळ जुळले तर नळी जागची. रेघ तुटलेली किंवा एका बाजूला दोन रेघा दिसल्या, तर नळी बदलल्याची कबुली मिळाली.

लष्करी कारागीर आणि बनावट करणारा यांच्यातला फरक मला सगळ्यात जास्त इथे जाणवतो. लष्करी कारागिराला लपवायचे काही नसते. तो जुन्या आकड्यावर रेघ मारतो, नवा आकडा आपल्या ठशाने ठोकतो आणि तो जुन्याशी मिळताजुळता दिसावा अशी धडपड करत नाही. बनावट करणारा आधी घासतो. मग मूळच्या वळणाचा आकडा मिळवतो आणि जिथे रेघ हवी तिथे कोरी, जास्तच गुळगुळीत जागा सोडतो. पुराव्यात भर घातली गेली की काढून घेतला गेला, हे पाहावे.

घासून काय जाते

हा सगळा छंदाचा बारकावा वाटेल; पण त्यात माणसे अडकली आहेत. बाजारात '१९१७, सर्व भाग जुळणारे' या शेऱ्याला जी किंमत येते, ती '१९१७/१९२०, नळी बदललेली' या शेऱ्याला येत नाही. म्हणून १९२० घासले जाते, गरुड-६ ची नळी काढून जुनी बसवली जाते आणि क्रमांक जुळवले जातात. याला 'मूळ रूपात आणणे' असे गोंडस नाव आहे. त्या पिस्तुलाला ते मूळ रूप १९१७ नंतर पुन्हा कधीच नव्हते.

आणि काय पुसले जाते ते पाहा. झूलची सिम्सन कंपनी १८५६ साली लोब आणि मोझेस या सिम्सन बंधूंनी स्थापन केली. कुटुंब ज्यू. शस्त्रांबरोबर ते सायकली आणि मोटारीही बनवीत. हिटलर सत्तेवर आला तेव्हा जर्मन सैन्याच्या पिस्तुलांचे काम एका ज्यू कुटुंबाच्या कारखान्यात चालले होते, ही गोष्ट नाझींना सलत होती. थुरिंगियाचा नाझी प्रमुख फ्रिट्झ झाउकेल हात धुऊन मागे लागला. सरकारकडून जादा नफा उकळल्याचा आरोप झाला, खटला चालला, आर्थर सिम्सन यांना अटक झाली. १९३५ मध्ये कारखाना त्यांच्या हातून काढून घेतला गेला आणि १९३६ मध्ये कुटुंबाला देश सोडावा लागला. पुढे कारखान्याला 'विल्हेल्म गुस्टलॉफ' या नाझी पुढाऱ्याचे नाव मिळाले. झाउकेलला न्युरेंबर्गच्या खटल्यात देहदंड झाला. युद्धानंतर पूर्व जर्मनीत सिम्सन हे नाव परत आले ते मोपेडवर; कुटुंब परत आले नाही.

नाझी राजवटीने या कुटुंबाचे नाव पुसण्याचा प्रयत्न केला. पण त्यांच्या कारखान्यात बसवलेली नळी आणि तिच्यावरचा गरुड-६ सैन्यात, पोलिसांत फिरत राहिला, कारण दुरुस्तीची खूण कुणाच्या डोळ्यांत आली नाही. आज ती नळी 'मूळची नाही' म्हणून काढून टाकणारा संग्राहक ज्यू-द्वेष्टा नसतो. त्याला फक्त चार पैसे जास्त हवे असतात. परिणाम मात्र तोच होतो.

आपल्याकडे या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम ८ शस्त्रावरचे नाव, क्रमांक किंवा ओळखीची खूण पुसण्यास, काढण्यास, बदलण्यास किंवा बनावट करण्यास मनाई करते. कायद्याचा हेतू गुन्ह्याचा तपास हा आहे. पण इतिहासाच्या अभ्यासकालाही त्याहून चांगले कलम लिहिता आले नसते. घरात वारसाने आलेले, परवाना असलेले जुने शस्त्र असेल, तर कुणी 'चकचकीत करून देतो' म्हणाले तरी त्याच्या हाती देऊ नये. आधी चारी बाजूंनी, तिरप्या उजेडात छायाचित्रे घ्यावीत आणि प्रत्येक खूण, तिची जागा, तिच्या कडा वहीत उतरवून ठेवाव्यात. तेल पुसलेले चालते; पोलाद घासलेले चालत नाही.

आता ते पिस्तूल पुन्हा सुरुवातीपासून वाचता येईल. १९१७ मध्ये बर्लिनच्या खाजगी कारखान्यात कैसरच्या सैन्यासाठी बनले. तिघा तपासनिसांनी आणि एका गरुडाने पास केले. सम्राट गेला, १९२० मध्ये प्रजासत्ताकाने हे शस्त्र आपले म्हणून नोंदवले. नळी झिजली, तेव्हा झूलच्या ज्यू कुटुंबाच्या कारखान्यात नवी बसली. मग ते पोलिसांकडे गेले, आणि साफसफाईत कुणाचा जीव जाऊ नये म्हणून त्याला जादा कळ लागली. प्रजासत्ताक बुडाले, हुकूमशाही आली आणि संपली. १९६५ मध्ये उल्मच्या चाचणीगृहात कुणीतरी त्यात जास्त दाबाचे काडतूस भरले, झाडले, नळी सुरक्षित असल्याची खात्री केली आणि दोन अक्षरे ठोकली. हे सगळे लिहायला पोलादाची फक्त काही चौरस सेंटिमीटर जागा लागली. त्यातला एकही फेरफार रद्द करण्याचा अधिकार आजच्या मालकाला नाही.